आपले तास, त्यांचं घड्याळ

(वस्तीतल्या अभ्यासिकेत, अठरा तास अभ्यासाच्या कार्यक्रमात दुपारी केलेलं भाषण. बोललं तसंच, थोडं नीट करून दिलं आहे.)



तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर एक माणूस येतो. कोट-टायवाला. मागं काचेची भिंत, हातात कॉफीचा मग. तो सांगतो, पहाटे चारला उठा. शेठलाही दिवसाला चोवीस तास आणि तुम्हालाही चोवीस तास. मग तो शेठ का झाला आणि तुम्ही का नाही? तर तुम्ही वेळ वाया घालवता म्हणून.

ऐकायला बरं वाटतं. पण खोटं आहे. शेठच्या चोवीस तासांत त्याच्या ड्रायव्हरचे बारा असतात, स्वयंपाकाच्या बाईचे सहा असतात, फाटकावरच्या वॉचमनचे बारा असतात. त्याचा दिवस चोपन्न तासांचा. आणि हे तीस तास कुणाच्या तरी दिवसातून वजा झालेले. ते कुणाचे ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या निम्म्यांच्या आई-बापाचे.

म्हणे चारला उठा! आपल्या झाडूवाल्या बाया जन्मभर चारला उठतात. उजाडायच्या आत हजेरी चौकीवर पोचायचं असतं, नाहीतर मुकादम खाडा लावतो. चारला उठून माणूस मोठा होत असता तर आज या शहरावर त्यांचं राज्य असतं.

तर मला वेळेच्या नियोजनावर बोला म्हणून सांगितलंय. बोलतो. पण आधी वेळ कुणाच्या मालकीचा ते ठरवू, मग त्याचं काय करायचं ते बघू. खिसा कापलेल्या माणसाला काटकसरीवर व्याख्यान देण्यात काही अर्थ नाही. आधी कापणारा कोण ते बघितलं पाहिजे.

जातीलाही घड्याळ होतं. पेशवाईतल्या पुण्यात महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी वेशीच्या आत यायला बंदी होती, अशी नोंद इंग्रजी अमदानीत करून ठेवलेली आहे. कारण सावलीचं. सकाळ-संध्याकाळ सावली लांब पडते, ती वरच्या जातीच्या अंगावर पडली तर तो बाटतो. म्हणजे शहरातला आपला दिवस नऊ ते तीन. सहा तास. सूर्यालासुद्धा यांनी कामाला लावलं होतं.

गावगाड्यात याच्या उलट. शहरात वेळेला बंदी, गावात वेळेला सुट्टीच नाही. वतनदार महार चोवीस तास बांधलेला. सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळ. सारा तालुक्याला पोचव. मयताचा सांगावा घेऊन कोस कोस जा. रात्री हाक आली तर रात्री. घरचा कर्ता नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्यानं उठायचं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यात एक मुद्दा हाच होता, की या माणसाच्या कामाला वेळ नाही, हद्द नाही आणि पोटाला काय मिळेल ते गावाच्या मर्जीवर. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. बाबासाहेब जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

आपल्या लढ्यात पाणी होतं, मंदिर होतं, जमीन होती, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या यादीत वेळही होता. तो आपण मोजत नाही. माणसाला गुलाम करायचं तर साखळदंड लागत नाही. त्याला हाक मारली की उठावं लागलं, एवढं पुरतं.

मग लोक गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आले. तिथं पाटलाच्या हाकेऐवजी भोंगा. उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांची सभा घेऊन मागण्या केल्या. त्या मागण्या बघा. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करा आणि सूर्य मावळला की थांबवा. मागण्यांतला मोठा भाग वेळेचा. रविवार मिळायला सहा वर्षं लागली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. आज तुम्ही रविवारी झोपता, तो रविवार पंचांगात नव्हता, तो मागून घेतलेला आहे.

पुढं विजेचे दिवे आले. लोकांना वाटतं उजेड आला म्हणजे प्रगती झाली. गिरणीत उजेड आला तशी रात्र गेली. आता मावळतीलाही थांबायचं कारण उरलं नाही. १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीतला दिवस बारा तासांवर आणला. १९२२ ला आठवड्याचे साठ तास झाले. १९३४ ला चोपन्न. आणि १९४६ ला अठ्ठेचाळीस. ही शेवटची दुरुस्ती मांडली कुणी? १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी.

साठाचे अठ्ठेचाळीस. आठवड्यातले बारा तास सुटायला चोवीस वर्षं लागली. दोन वर्षांना एक तास. यातला एकही तास कुणी पहाटे चारला उठून मिळवलेला नाही. संप करून, सभा घेऊन, मार खाऊन, कायद्याची कलमं घासून मिळवलेला आहे.

आता आजचं बघा. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कागदावर अजून तसेच आहेत. पण सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेता येईल अशा बदलाला मंजुरी दिली. जादा तासाला जादा पैसे मिळतील, असं सांगतात. आणि ज्यांना कागदच नाही त्यांचं काय? वॉचमनची ड्युटी बारा तास, हे आपल्या वस्तीत कुणाला नवल वाटत नाही.

पाटी काढा, हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. बारा तासांची ड्युटी सहा दिवस, झाले ७२. जाणं-येणं रोज दोन तास, १२. झोप रोज सात तास, ४९. आंघोळ, पाणी, जेवण, कपडे, रोज दोन तास धरा, १४. बेरीज १४७. उरले २१. रोजचे तीन तास. त्यात पोरांना बघायचं, आजारपण, मयत-लग्न, संघटना, वाचन, सगळं. हाच माणूस आठ तासांच्या ड्युटीवर असता तर उरले असते ४५. फरक किती? चोवीस तास. म्हणजे आठाचे बारा झाले की आठवड्यातून एक अख्खा दिवस गेला. वर्षाचे बावन्न दिवस. आणि त्याला आपण म्हणतो, तू वाचत का नाहीस? तू पुढं का जात नाहीस?

दुसरा आपला डिलिव्हरीवाला पोरगा. दहा मिनिटांत घरपोच, ही जाहिरात आपण सगळ्यांनी पाहिली. त्या दहा मिनिटांत सिग्नल कुणी तोडायचा, जीव कुणी टाकायचा, हे जाहिरातीत नव्हतं. हॉटेलाबाहेर अर्धा तास उभा राहिला तर तो अर्धा तास कुणाच्या खात्यात? कुणाच्याच नाही. ऑर्डर मिळाली तर पैसे, वाट बघण्याचे नाहीत. त्याला कामगार म्हणतच नाहीत, पार्टनर म्हणतात. पार्टनरला ओव्हरटाइम नसतो, पार्टनरला रविवार नसतो. येसकराला पाटलानं पार्टनर म्हटलं असतं तर त्याची वेठ चुकली असती काय?

तिसरी चोरी कचेरीत होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, मग जात पडताळणी. सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या. १९५० च्या आधी तुमचे आजोबा कुठं राहत होते त्याचा पुरावा आणा. अहो, गावकुसाबाहेर राहत होते, तुम्हीच ठेवलं होतं! एकेका कागदाला एकेक रोज बुडतो. रोज बुडाला म्हणजे पैसा बुडाला आणि अभ्यास पण बुडाला. वरच्या घरातल्या पोराचा बाप एक फोन करतो. आपला बाप खाडा करून रांगेत उभा राहतो. मग परीक्षेच्या हॉलमध्ये दोघांना एकच पेपर आणि तीच तीन तासांची वेळ, आणि याला म्हणायचं गुणवत्ता.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, आज संध्याकाळी आम्ही काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. जो नुसता व्यवस्थेला शिव्या देऊन घरी झोपतो तो पण व्यवस्थेचंच काम करतो. म्हणून आता कामाचं सांगतो.

पहिलं काम. एक वही घ्या, आठ आण्याची काळजी करू नका, जुन्या वहीची मागची पानं चालतील. सात दिवस लिहायचं. चार रकाने. पहिला, विकलेला वेळ: नोकरी, मजुरी. दुसरा, लुटलेला वेळ: रांग, हेलपाटे, बिनपैशाचं थांबणं, साहेबाचं घरगुती काम. तिसरा, दिलेला वेळ: घर, पोरं, म्हातारी माणसं, संघटना. चौथा, आपला वेळ: अभ्यास, वाचन, विसावा, खेळ. रोज रात्री झोपताना पाच मिनिटं. खोटं लिहायचं नाही. मोबाइलवर तासभर बोट फिरवलं तर तेही लिहायचं. आणि ते दुसऱ्या रकान्यात लिहा, चौथ्यात नाही. कारण त्या तासात तिकडं कुणीतरी जाहिरात विकून पैसा करतोय, आणि माल तुम्ही आहात.

सात दिवसांनी बेरीज मारा. मग कळेल कुठं एकट्यानं हात घालता येतो आणि कुठं दहा जण लागतात. मोबाइलचा तास एकट्यानं सोडवता येतो. कचेरीचा दिवस एकट्यानं सुटत नाही. ड्युटीचे चार तास तर अजिबात सुटत नाहीत.

दुसरं काम. डोकं ताजं असतं तो तास ओळखा आणि त्याला अवघड विषय द्या. रात्रपाळी करून आलेल्यानं सकाळी गणित घेऊन बसू नये, झोपावं. झोप ही आळशीपणाची खूण नाही. थकलेल्या माणसानं पुस्तकापुढं बसून डुलक्या काढल्या तर तास भरतात, डोकं भरत नाही. अर्धाच तास मिळतो? मग त्या अर्ध्या तासात काय करायचं ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. नाहीतर कुठलं पुस्तक काढू यातच तो जातो. रोजचे दोन तास खरे बसलात तर वर्षाला सातशे तीस तास होतात. आजचे अठरा चांगले, पण ते एका दिवसाचे.

अठरा तासांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. बाबासाहेब लंडनला अर्धपोटी राहून ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचत बसत. आपण त्याची आठवण म्हणून आज बसलोय, चांगलंच आहे. पण त्यांना एवढं का बसावं लागलं हे कुणी विचारत नाही. हजारो वर्षांचा बॅकलॉग एका माणसाच्या पाठीवर होता म्हणून. पुढं त्यांचं शरीर मधुमेहानं पोखरलं, नजर अधू झाली, तरी काम थांबलं नाही. प्रत्येक पोरानं शरीर मोडून घ्यावं, हा त्याचा अर्थ नाही. त्यांनी स्वतः आपल्यासाठी वेगळं करून ठेवलंय. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कारकून, मजूर पोरगा सकाळी शिकेल आणि कामावर जाईल. नोकरी सोडून ये म्हटलं नाही. कॉलेजचं घड्याळ त्याच्या ड्युटीप्रमाणं लावलं. त्याच्याही नव्वद वर्षं आधी, १८५५ ला, जोतिराव-सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. हे खरं वेळेचं नियोजन. माणसाला घड्याळासाठी पिळायचं नाही, घड्याळ माणसासाठी फिरवायचं.

मग आपली अभ्यासिका संध्याकाळी सातला बंद का होते? सातला तर पोरं कामावरून सुटतात. दिवसभर उघडी आणि रिकामी, रात्री कुलूप. ही वेळ कुणाच्या सोयीची आहे? ती रात्री अकरापर्यंत उघडी राहिली पाहिजे. किल्ली आपल्यातल्या सात जणांनी वाटून घ्यायची, एकेक वार. लाइटबिलाचं पालिकेला निवेदन द्यायचं. हे तिसरं काम, आणि एकट्याचं नाही.

आता पोरांनो, मान वर करा. हे तुमच्यासाठी आहे.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. सहा वर्षांच्या पुढची सगळी माणसं धरली. रांधणं, धुणं, झाडणं, घरातलं बिनपगारी काम दिवसभरात करणाऱ्या बाया-पोरी शंभरात ८१. पुरुष २६. बरं, जे करतात त्यांच्यातही बाईची २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. पाच तासांना एक मिनिट कमी, रोज, बिनपगारी, बिनरविवारी. २०२४ ला परत पाहणी झाली. बाईची २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली. तुम्हाला वाटेल ती पुरुषानं उचलली. नाही. पुरुषाचीही घटून ८८ झाली.

तू आज अठरा तास बसलायस. डबा कुणी केला? तुझं पांघरूण कुणी उचललं? तुझी बहीण पण बारावीला आहे ना? ती कुठंय? ती नळावर आहे. तुझ्या अठरा तासांत तिचे पाच घातलेले आहेत. बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा इथला संसार रमाईनं उपाशीतापाशी ओढला. रमाईच्या फोटोला हार घालायचा आणि घरातल्या रमाईला भांड्यांवर बसवायचं, हे चालणार नाही. शेठ दुसऱ्याचे तास खातो म्हणून आपण ओरडतो. घरात आपण काय करतो? म्हणून वहीतला तिसरा रकाना, दिलेला वेळ, तो घरातल्या प्रत्येकाचा शेजारी शेजारी लिहा. आई, बहीण, बायको, आणि तुम्ही. ज्याचा रकाना कोरा त्यानं उद्यापासून पाणी भरायचं. यात क्रांती कमी होत नाही.

आणि आता आपल्या चळवळीचं. सभा सहाची, सुरू आठला. का, तर साहेब अजून निघालेत. समोर दोनशे माणसं. दोन तास म्हणजे चारशे तास. कुणाचे? बारा तास राबून आलेल्यांचे, लेकरं शेजारणीकडे ठेवून आलेल्यांचे. गावचा पाटील महाराला चावडीपुढं ताटकळत ठेवायचा, कारण ताटकळत ठेवता येणं हीच त्याची पाटीलकी होती. आपला नेता निळं उपरणं घालून तेच करत असेल तर त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. माझं म्हणणं एवढंच, सहाला सहा जण असले तरी सभा सुरू करा. उशिरा येणारा मागं बसेल, मग तो कितीही मोठा असो. हार, सत्कार, शाली यांना दहा मिनिटांच्या वर वेळ नाही. ठरलेल्या वेळी सभा संपवा, कारण शेवटची बस जाते आणि तुमचं भाषण तिला थांबवत नाही.

शेवटचं काम कचेरीचं. वस्तीतल्या ज्यांना दाखले काढायचेत त्यांची यादी करा. कुठल्या दाखल्याला कुठले कागद लागतात ते मोठ्या अक्षरात लिहून अभ्यासिकेच्या भिंतीला लावा. आठवड्यातून एक दिवस दोघांनी सगळ्यांचे अर्ज घेऊन जायचं. जिथं स्वतः हजर राहावं लागतं तिथं एकदमच वीस जणांनी जायचं. एकट्या म्हातारीला ‘उद्या या’ म्हणणं सोपं असतं. वीस जण उभे राहिले आणि ‘किती वाजता ते लेखी द्या’ म्हणाले की सर्व्हर चालू होतो. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोचेवर तारीख असते. तारीख म्हणजे त्यांच्या घड्याळावर आपण ठेवलेलं बोट.

बस, एवढंच. वहीचे सात दिवस आजपासून मोजा. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला इथंच बसू, वह्या घेऊन. कुणाच्या ड्युटीचे तास किती निघतात ते सगळ्यांचं एकत्र मांडू. वॉचमन, डिलिव्हरीवाले, हजेरीवरच्या बाया, सगळ्यांना बोलवा. बारा तासांच्या ड्युटीवर कुणाकडं, कसं आणि किती जणांनी जायचं ते त्या आकड्यांवरून ठरवू. पोरींनी यायचंच. त्यांच्या घरचं पाणी त्या दिवशी भावांनी भरायचं.

सहा म्हणजे सहा.

जय भीम.